वाचकांचे प्रश्न : अर्जेंटिनाचा २४ मार्च

अर्जेंटिनात २४ मार्च हा दिवस लष्करी हुकूमशाहीच्या बळींच्या स्मरणासाठी राखून ठेवलेला आहे, असे एक छोटे टिपण गेल्या अंकात दिले होते. २४ मार्च १९७६ रोजी तिन्ही सैन्यदलांच्या प्रमुखांनी तिथले निवडून आलेले सरकार उलथवले, ती राजवट १० डिसेंबर १९८३ पर्यंत चालली आणि त्या काळात हजारो माणसे नाहीशी केली गेली, एवढाच मजकूर त्यात होता. वाचकांना तो अपुरा वाटला आणि ते रास्तच आहे. आलेल्या पत्रांतील काही प्रश्न येथे घेतले आहेत. सारख्या आशयाचे प्रश्न एकत्र केले आहेत.

ज्या दिवशी सैन्याने सत्ता बळकावली, तीच तारीख राष्ट्रीय दिवस म्हणून का निवडली? लोकशाही परत आली तो दिवस अधिक योग्य ठरला नसता का? आणि अशा दिवशी सुट्टी कशासाठी?

लोकशाही परत आल्याचा दिवस, म्हणजे राउल आल्फोन्सिन यांनी राष्ट्राध्यक्षपदाची शपथ घेतली तो १० डिसेंबर, तोही अर्जेंटिनात कायद्याने नोंदलेला आहे. पण लोक रस्त्यावर उतरतात ते २४ मार्चला. कायदा होण्याच्या पुष्कळ आधीपासून मानवी हक्क संघटना या तारखेला मोर्चे काढत होत्या आणि १९९६ मध्ये, सत्तापालटाला वीस वर्षे झाली तेव्हा, ब्युनोस आयर्समध्ये फार मोठा जनसमुदाय जमला होता. संसदेने २००२ मध्ये कायदा करून या तारखेला नाव दिले, ते लोकांनी आधीच मानलेल्या दिवसाला दिलेले नाव होते. पुढे २००६ मध्ये, तिसाव्या वर्षी, राष्ट्राध्यक्ष नेस्तोर किर्चनेर यांच्या कारकिर्दीत हा दिवस सार्वजनिक सुट्टीचा झाला.

सुट्टी कशासाठी, या प्रश्नाचे उत्तर २०१७ च्या एका प्रसंगातून चांगले मिळते. अर्जेंटिनात काही सुट्ट्या सोयीसाठी सोमवारला किंवा शुक्रवारला जोडून घेण्याची पद्धत आहे. त्या वर्षी जानेवारीत तत्कालीन सरकारने २४ मार्चचीही गणना अशा सरकवता येणाऱ्या सुट्ट्यांत केली. त्यावर इतका संताप उसळला की काही दिवसांतच सरकारला तो निर्णय मागे घ्यावा लागला. सुट्टी गेली म्हणून कोणी रागावले नव्हते. एक दिवस इकडेतिकडे झाला तरी सुट्टी मिळणारच होती. राग होता तो तारखेला हात लावल्याचा. २३ मार्चच्या रात्रीपर्यंत या देशात, कितीही डळमळीत का असेना, संविधान होते आणि २४ च्या पहाटे रेडिओवर लष्कराचे पहिले निवेदन वाचले गेले, तेव्हा ते उरले नव्हते. राष्ट्राध्यक्ष इसाबेल पेरोन यांना मध्यरात्रीनंतर सरकारी वाड्याच्या गच्चीवरून हेलिकॉप्टरने नेण्यात आले. आपण निवासस्थानी चाललो आहोत अशी त्यांची समजूत होती, प्रत्यक्षात त्यांना विमानतळावर उतरवून अटक करण्यात आली. ही सीमारेषा एका विशिष्ट रात्रीची आहे आणि ती लांब आठवडाअखेरीच्या सोयीने हलवता येत नाही, हे लोकांनी सरकारला सांगितले.

जाता जाता एक खुलासा. संयुक्त राष्ट्रसंघानेही २४ मार्च हा दिवस मानवी हक्कांच्या घोर उल्लंघनांबाबतच्या सत्याच्या अधिकाराचा आंतरराष्ट्रीय दिवस म्हणून मानला आहे, परंतु त्यामागे १९८० मध्ये याच तारखेला एल साल्वादोरमध्ये झालेली आर्चबिशप ऑस्कर रोमेरो यांची हत्या आहे. दोन वाचकांनी या दोन गोष्टींची सांगड घातली होती. तारीख एकच असली तरी घटना वेगळ्या आहेत.

या दिवसाचे नाव मराठीत काहींनी ‘स्मृतिदिन’ तर काहींनी ‘शोकदिन’ असे दिलेले दिसते. बरोबर नाव कोणते? तसेच या बळींना ‘मृत’ न म्हणता ‘बेपत्ता’ का म्हणतात? इतक्या वर्षांनंतर ते हयात नाहीत हे उघड नाही का?

मूळ स्पॅनिश नावाचा अर्थ ‘सत्य आणि न्याय यांसाठी स्मरणाचा राष्ट्रीय दिवस’ असा आहे. त्यातला ‘साठी’ गाळला तर नावाचा जीवच जातो. स्मरण हे येथे साधन आहे. मागणी आहे ती सत्याची आणि न्यायाची. म्हणून ‘शोकदिन’ हे भाषांतर मला चुकीचे वाटते. शोक करायला आधी मृत्यूची खात्री व्हावी लागते, आणि नेमकी तीच खात्री या कुटुंबांना नाकारली गेली.

‘बेपत्ता’ या शब्दाबद्दल थोडे सविस्तर लिहायला हवे, कारण सगळा विषय त्या एका शब्दात साठलेला आहे. मराठीत माणूस बेपत्ता ‘होतो’: जत्रेत चुकतो, घर सोडून जातो, पुरात वाहून जातो. अर्जेंटिनात माणसे बेपत्ता झाली नाहीत, ती बेपत्ता केली गेली, आणि करणारे सरकार होते. तिथल्या लोकांनीही आपल्या भाषेत या क्रियापदाला कर्ता जोडून घेतला आहे. ‘त्याला नाहीसे केले’ असे ते सहज म्हणतात. बळींसाठीचा रूढ शब्द ‘अटक करून बेपत्ता केलेले’ असा जोडशब्द आहे आणि त्यातले ‘अटक करून’ कुटुंबांनी हट्टाने टिकवले आहे, कारण माणूस शेवटचा दिसला तो राज्याच्या ताब्यात, ही गोष्ट त्या दोन शब्दांमुळे पुसता येत नाही.

हे कसे चाले? साध्या कपड्यांतली सशस्त्र टोळी, बहुधा रात्री आणि पुष्कळदा क्रमांकपट्टी नसलेल्या फोर्ड फाल्कन मोटारीतून येई, माणसाच्या डोळ्यांवर पट्टी किंवा डोक्यावर टोपडे चढवून त्याला घेऊन जाई, बरेचदा घरातले सामानही लुटून नेई. दुसऱ्या दिवशी आईवडील पोलीस ठाण्यात जात, तेव्हा अशी कोणतीही अटक झालेली नाही असे उत्तर मिळे. छावण्यांत, रुग्णालयांत, चर्चच्या कार्यालयांत तेच उत्तर. न्यायालयात बंदी प्रत्यक्षीकरणाचा अर्ज केला की तो फेटाळून परत येई. अटकच नाही म्हटल्यावर न्यायाधीश कोणाला हजर करण्याचा आदेश देणार?

ती माणसे असत गुप्त बंदिवासात. त्यातले सर्वांत कुप्रसिद्ध ठिकाण म्हणजे ब्युनोस आयर्समधील नौदलाची तांत्रिक प्रशाला, जिला आद्याक्षरांवरून ‘एस्मा’ म्हणतात. ती कुठे आडरानात नव्हती. शहरातल्या एका रुंद, वर्दळीच्या हमरस्त्यावर ती आजही उभी आहे. तिथल्या अधिकारी निवासाची रचना एकदा समजून घेतली की विसरता येत नाही. मधल्या मजल्यांवर नौदल अधिकाऱ्यांच्या झोपायच्या खोल्या होत्या. तळघरात छळ होई. उतरत्या छपराखालच्या माळ्यावर, टोपडे चढवलेल्या आणि पायांत बेड्या घातलेल्या माणसांना अरुंद खणांत आडवे ठेवले जाई आणि त्यांना नावाने नव्हे तर क्रमांकाने हाक मारली जाई. म्हणजे तळघर आणि माळा यांच्यामध्ये बंदिवानांची जी नेआण चाले ती अधिकाऱ्यांच्या शयनगृहांवरून, त्याच जिन्याने. सुमारे ५,००० माणसे या एका ठिकाणी आणली गेली आणि त्यांतली फारच थोडी वाचली. आठवड्याच्या ठरलेल्या दिवशी काहींचे क्रमांक पुकारले जात आणि त्यांना दुसऱ्या तुरुंगात हलवत आहोत असे सांगितले जाई. त्यांना गुंगीचे इंजेक्शन देऊन विमानात चढवत आणि जिवंतपणी समुद्रात किंवा ला प्लाता नदीच्या रुंद मुखात टाकून देत. वाचलेल्यांच्या साक्षींतून हे आधीच कळले होते, परंतु १९९५ मध्ये आदोल्फो सिलिंगो या माजी नौदल अधिकाऱ्याने अशा उड्डाणांत आपण स्वतः होतो अशी जाहीर कबुली दिली, तेव्हा नाकारायला जागाच राहिली नाही.

डिसेंबर १९७९ मध्ये पत्रकारांनी लष्करी राजवटीचे प्रमुख होर्हे राफाएल विदेला यांना बेपत्ता माणसांबद्दल विचारले. हातवारे करत त्यांनी दिलेले उत्तर चित्रफितीत जपलेले आहे: बेपत्ता माणूस जोवर बेपत्ता आहे तोवर तो एक अज्ञात राशी आहे, त्याला अस्तित्व नाही, तो मेलेलाही नाही आणि जिवंतही नाही, तो बेपत्ता आहे. प्रश्नकर्त्या वाचकांनी हे उत्तर ध्यानात घ्यावे. आपण आता परस्पर ‘मृत’ म्हणू लागलो, तर केव्हा, कुठे, कोणाच्या हातून, देह कुठे आहे, हे सर्व प्रश्न एका शब्दात बुजतात, आणि त्यांची उत्तरे ज्यांच्याकडे आहेत ते सुटतात. अर्जेंटिनाच्या कायद्यानेही हे मानले आहे. वारसाहक्क, विवाह, मुलांचे पालकत्व अशा गोष्टी अडून राहू नयेत म्हणून १९९४ च्या कायद्याने ‘सक्तीने बेपत्ता केल्यामुळे अनुपस्थित’ असा एक स्वतंत्र कायदेशीर दर्जा निर्माण केला. आपल्या मुलाच्या मृत्यूच्या दाखल्यावर सही करण्याची वेळ त्यामुळे आईवर येत नाही. कायद्याच्या रुक्ष भाषेत इतकी माणुसकी क्वचितच सापडते.

मोर्च्याच्या छायाचित्रांत वृद्ध स्त्रियांच्या डोक्यावर पांढरे रुमाल दिसतात. त्यामागे धार्मिक अर्थ आहे का?

नाही, जरी त्याची सुरुवात एका धार्मिक यात्रेत झाली. ३० एप्रिल १९७७ रोजी चौदा स्त्रिया राष्ट्राध्यक्षांच्या वाड्यासमोरच्या प्लाझा दे मायो या चौकात जमल्या. मुलांचा माग काढत त्या एकाच दारांवर थडकत होत्या आणि त्या रांगांतूनच त्यांची ओळख झाली होती. एकेकट्या फिरून काही निष्पन्न होणार नाही, आपण सर्वांनी मिळून चौकात जायला हवे, हे आसुसेना विलाफ्लोर यांनी त्यांना पटवले. त्यांचा मुलगा नेस्तोर याला १९७६ च्या नोव्हेंबरमध्ये नेले होते. तो दिवस शनिवार होता आणि चौक रिकामा होता, म्हणून पुढे गुरुवार ठरला. आणीबाणीच्या नियमांनुसार घोळक्याने उभे राहण्यास मनाई होती आणि पोलीस ‘चालत राहा, चालत राहा’ म्हणून दरडावत. त्या दोघीदोघी हातात हात घालून चौकातल्या स्तंभाभोवती चालू लागल्या. गुरुवारची ती प्रदक्षिणा म्हणजे पोलिसांच्या हुकमाचे तंतोतंत पालन होते, आणि तीच त्यांची निदर्शनाची रीत बनली.

त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये लुहान येथील मेरीच्या मोठ्या पदयात्रेत सामील व्हायचे ठरले, तेव्हा हजारोंच्या गर्दीत एकमेकींना ओळखावे कसे असा प्रश्न पडला. प्रत्येकीच्या घरी असेल अशी एक वस्तू होती: मुले तान्ही असताना वापरलेला आणि नंतर जपून ठेवलेला कापडी लंगोट. तो त्रिकोणी घडी घालून डोक्याला बांधायचे ठरले. पुढे साधे पांढरे रुमाल आले आणि त्यांवर मुलांची नावे भरली गेली, पण पहिल्या दिवशी त्या मातांच्या डोक्यावर होते ते त्यांच्या हरवलेल्या मुलांचे बाळपणीचे कापड.

आसुसेना यांचे पुढे काय झाले हे सांगितल्याशिवाय हे उत्तर पुरे होणार नाही. आल्फ्रेदो आस्तिस नावाचा नौदलाचा तरुण अधिकारी बेपत्ता भावाचा शोध घेणारा असल्याचे भासवून, खोट्या नावाने, या मातांमध्ये मिसळला होता. १९७७ च्या डिसेंबरमध्ये बेपत्तांची नावे वृत्तपत्रात छापण्यासाठी त्या पैसे गोळा करत होत्या. ८ डिसेंबरला सांता क्रूझ चर्चमधून त्यांच्यातील काही जणांना उचलण्यात आले. १० डिसेंबरला, आंतरराष्ट्रीय मानवी हक्क दिनी, ती जाहिरात प्रसिद्ध झाली. आसुसेना सकाळी वृत्तपत्र आणायला घराबाहेर पडल्या आणि त्यांनाही नेण्यात आले. त्या दोन दिवसांत एकूण बारा जणांना पळवले, त्यांत तीन माता आणि दोन फ्रेंच जोगिणी होत्या. काही दिवसांनी दक्षिणेकडच्या किनाऱ्यावर प्रेते वाहून आली आणि खेनेराल लावाये या गावाच्या दफनभूमीत ती बेवारस म्हणून पुरली गेली. ती २००५ मध्ये न्यायवैद्यक मानववंशशास्त्रज्ञांच्या अर्जेंटिनी पथकाने उकरून ओळखली. हाडे उंचावरून आदळल्यावर मोडतात तशी मोडलेली होती. आसुसेना यांची रक्षा त्याच वर्षी डिसेंबरमध्ये प्लाझा दे मायोतल्या त्या स्तंभाच्या पायथ्याशी ठेवण्यात आली, जिथे त्यांनी पहिली फेरी मारली होती.

बेपत्तांची संख्या कुठे ३०,००० तर कुठे ९,००० च्या आसपास दिली जाते. इतकी तफावत का? कोणता आकडा खरा धरावा?

दोन्ही आकडे कशाचे आहेत हे आधी पाहू. लोकशाही परत येताच पाचव्या दिवशी आल्फोन्सिन यांनी एक राष्ट्रीय आयोग नेमला. लेखक एर्नेस्तो साबातो त्याचे अध्यक्ष होते. सप्टेंबर १९८४ मध्ये दिलेल्या अहवालात आयोगाने ८,९६० बेपत्ता व्यक्तींची आणि सुमारे ३४० गुप्त बंदिगृहांची नोंद केली. ही आपल्यापर्यंत आलेल्या तक्रारींची यादी आहे आणि ती अपुरी आहे, हे आयोगाने त्याच अहवालात लिहून ठेवले. बंदिगृहांचेच पाहा: नंतरच्या तपासांत त्यांची संख्या ६०० च्या पुढे गेली. ३०,००० हा आकडा मानवी हक्क संघटनांनी हुकूमशाहीच्या काळातच मांडला. अनेक कुटुंबे भीतीने तक्रार करायला आली नाहीत, काही ठिकाणी तक्रार करायला कुटुंबातले कोणी उरलेच नव्हते, या जाणिवेतून ती संख्या आली आहे.

या दोहोंच्या मध्ये आणखी एक आकडा आहे, जो खुद्द त्या यंत्रणांमधून आलेला असल्याने मला महत्त्वाचा वाटतो. चिलीच्या गुप्त पोलिसांचा ब्युनोस आयर्समधील हस्तक एन्रीके आरान्सिबिया क्लावेल याने जुलै १९७८ मध्ये आपल्या वरिष्ठांना कळवले होते की, अर्जेंटिनी लष्कराच्या हिशेबाने १९७५ पासून तोवर २२,००० माणसे मारली किंवा बेपत्ता केली गेली. राजवट संपायला तेव्हा पाच वर्षांहून अधिक काळ बाकी होता.

नेमका आकडा ज्यांना माहीत होता, त्यांनी कागद जाळले. सत्ता सोडण्याच्या तोंडावर, १९८३ मध्ये, शेवटचे लष्करी राष्ट्राध्यक्ष बिग्नोने यांनी दडपशाहीसंबंधीची कागदपत्रे नष्ट करण्याचा आदेश काढला. म्हणून संख्येचा वाद घालणाऱ्यांना माझे उत्तर असे असते की पुरावा देण्याची जबाबदारी ज्याने पुरावा नष्ट केला त्याच्यावर आहे, मुलगा गमावलेल्या आईवर नाही. २०२४ पासून अर्जेंटिनाचे सरकारच दर २४ मार्चला चित्रफिती प्रसृत करून या आकड्यावर आणि एकूण इतिहासकथनावर आक्षेप घेऊ लागले आहे, त्यामुळे हा वाद पुन्हा तापला आहे. अभ्यासकाने लिहिताना ‘अधिकृतपणे नोंदलेले सुमारे ९,०००, मानवी हक्क संघटनांच्या मते ३०,०००’ असे दोन्ही द्यावे. पहिला आकडा हा तळ आहे, ही गोष्ट मात्र लपवू नये.

सशस्त्र डाव्या संघटनांनीही त्या काळात खून, अपहरणे आणि बॉम्बस्फोट केले होते. त्यांच्या बळींना या दिवशी स्थान का नाही? ही एकांगी स्मृती नव्हे काय?

प्रश्न प्रामाणिक आहे आणि वस्तुस्थितीही खरी आहे. मोन्तोनेरोस आणि ‘जनतेची क्रांतिकारी सेना’ या संघटनांनी माणसे मारली, आणि त्या माणसांच्या घरच्यांचे दुःख कोणाहून कमी नाही. पण या दिवसाचा विषय राज्याने केलेला गुन्हा हा आहे. संघटनेने खून केला तर तिला पकडायला पोलीस, चौकशीला न्यायालय आणि डांबायला तुरुंग असतो. लष्करी राजवटीच्या हाताशी हे सगळे होते. इतकेच नव्हे, १९७६ मध्ये तिने मृत्युदंडाची शिक्षाही कायद्यात परत आणली होती. तरीही एकाही माणसाला उघड खटला चालवून ती दिली गेली नाही. कायद्याने मारण्याची तरतूद करून ठेवायची आणि मारायचे मात्र रात्री, नाव-गाव पुसून, ही निवड जाणूनबुजून केलेली होती. शिवाय नाहीशा केलेल्यांत कारखान्यांतले कामगार, कामगार संघटनांचे प्रतिनिधी, विद्यार्थी, वकील, पत्रकार, धर्मगुरू होते, आणि आपल्या मुलांचा ठावठिकाणा विचारणाऱ्या माताही होत्या. त्यांना दुसऱ्या बाजूचे सैनिक म्हणता येत नाही.

दोषींना शिक्षा झाली का?

झाली, मग माफ झाली, आणि मग पुन्हा झाली. सत्ता सोडण्यापूर्वी लष्कराने स्वतःलाच माफी देणारा कायदा करून घेतला होता, तो नव्या संसदेने लगेच रद्द केला. २२ एप्रिल १९८५ रोजी ब्युनोस आयर्समध्ये नऊ सेनाप्रमुखांवर नागरी न्यायालयात खटला सुरू झाला. ८०० हून अधिक साक्षीदार उभे राहिले. दूरचित्रवाणीवर रोज त्यातली काही मिनिटे दाखवत, पण आवाज बंद करून, त्यामुळे लोकांना साक्षीदारांचे चेहरे आणि हलणारे ओठ दिसत, शब्द ऐकू येत नसत. नवी लोकशाही सैन्याला किती बिचकून होती, हे त्या मूक चित्रांतून कळते. सरकारी वकील हुलिओ स्त्रासेरा यांनी सप्टेंबरमध्ये आपले भाषण ‘पुन्हा कधीही नाही’ या शब्दांनी संपवले. हे शब्द आपले नाहीत, ते साऱ्या अर्जेंटिनी जनतेचे आहेत, असे त्यांनी आधीच सांगितले होते. डिसेंबरमध्ये विदेला आणि नौदलप्रमुख मासेरा यांना जन्मठेप झाली, आणखी तिघांना कमी मुदतीच्या शिक्षा झाल्या, चौघे सुटले.

मग लष्कराचा दबाव वाढला. १९८६ आणि १९८७ च्या दोन कायद्यांनी नवे खटले जवळपास थांबवले आणि १९८९ व १९९० मध्ये राष्ट्राध्यक्ष कार्लोस मेनेम यांनी शिक्षा झालेल्यांनाही माफी दिली. पुढची अनेक वर्षे छळ करणारा आणि छळ सोसलेला एकाच बसमध्ये समोरासमोर येऊ शकत होते. हे कायदे संसदेने २००३ मध्ये रद्द केले, सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये ते घटनाबाह्य ठरवले आणि खटले पुन्हा उभे राहिले. तेव्हापासून एक हजाराहून अधिक जणांना शिक्षा झाल्या आहेत. विदेला २०१३ मध्ये तुरुंगातच मरण पावले. २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या एका निर्णयाने अशा कैद्यांना शिक्षेत सूट मिळण्याची वाट मोकळी होऊ लागली, तेव्हा आठवडाभरात प्लाझा दे मायो पांढऱ्या रुमालांनी भरून गेला, आणि त्याच दिवशी संसदेने ती वाट बंद करणारा कायदा मंजूर केला.

बंदिवासात जन्मलेल्या मुलांबद्दल वाचले. इतक्या वर्षांनी ती सापडतात तरी कशी?

पकडलेल्या स्त्रियांत काही गरोदर होत्या. त्यांना बाळंतपणापर्यंत जिवंत ठेवत, आणि मग बाळ लष्करातल्या किंवा लष्कराच्या मर्जीतल्या कुटुंबाला देत आणि आईला मारत. अशी सुमारे ५०० मुले असावीत, असा ऑक्टोबर १९७७ मध्ये स्थापन झालेल्या ‘प्लाझा दे मायोच्या आज्या’ या संघटनेचा अंदाज आहे. आईवडील नाहीत, देह नाहीत, खोटा जन्मदाखला आहे. नाते सिद्ध करायचे कशावरून? हा प्रश्न घेऊन त्या आज्या परदेशांतल्या शास्त्रज्ञांकडे गेल्या. आजीच्या रक्तावरून नातवंड ओळखण्याची संख्याशास्त्रीय रीत त्यातून बसवली गेली आणि तिला ‘आजीपणाचा निर्देशांक’ असे नाव पडले. अमेरिकी आनुवंशशास्त्रज्ञ मेरी-क्लेअर किंग यांनी त्यात मायटोकॉन्ड्रियल डीएनएची भर घातली, जो आईकडूनच अपत्याकडे येतो आणि म्हणून आईच्या आईशी थेट जुळतो. १९८७ मध्ये कायद्याने राष्ट्रीय आनुवंशिक माहितीपेढी स्थापन झाली. आपली आजी हयात नसली तरी तिचे रक्त तेथे नोंदलेले असते, आणि आपल्या जन्माबद्दल शंका असलेला कोणीही प्रौढ माणूस तेथे जाऊन तपासणी करून घेऊ शकतो.

१३० हून अधिक नातवंडांची ओळख आजवर पटली आहे. संघटनेच्या अध्यक्षा एस्तेला दे कार्लोत्तो यांच्या मुलीला, लौराला, १९७७ च्या अखेरीस पळवले, तिने १९७८ च्या जूनमध्ये बाळाला जन्म दिला आणि दोन महिन्यांनी तिला ठार केले. तो नातू २०१४ च्या ऑगस्टमध्ये सापडला. तो संगीतकार होता, छत्तीस वर्षांचा होता, आणि शंका आल्यावर आपणहून तपासणीसाठी आला होता. इतरांची शंभराहून अधिक नातवंडे शोधून दिल्यावर त्या आजीला स्वतःचा नातू भेटला. एका वाचकाने ‘ज्या घरात तो वाढला त्या लोकांचे काय?’ असेही विचारले आहे. त्याला एक उत्तर नाही. काहींना वाढवणारे गुन्ह्यात सामील होते आणि शिक्षा भोगून आले, काहींना वाढवणाऱ्यांना मूल कुठून आले हे माहीतच नव्हते. मूल पळवण्याचा गुन्हा मात्र त्या माफीच्या कायद्यांत कधीच बसला नव्हता. त्यामुळे बाकी सगळे दरवाजे बंद असतानाही विदेला यांना १९९८ मध्ये याच आरोपाखाली पुन्हा अटक झाली, आणि २०१२ मध्ये मुले पळवण्याच्या पद्धतशीर योजनेबद्दल त्यांना ५० वर्षांची शिक्षा झाली.

मार्चमध्ये मी ब्युनोस आयर्सला असेन. परक्या देशातल्या माणसाने या दिवशी तिथे जाणे योग्य दिसेल का?

अवश्य जावे. दुपारी आवेनिदा दे मायो या रस्त्याने लोक चौकाकडे चालू लागतात, घरची लहान मुले खांद्यावर घेऊन येतात. बेपत्तांच्या कृष्णधवल छायाचित्रांचे एक अतिशय लांब निळे कापड शेकडो माणसे दोन्ही कडांनी धरून हळूहळू पुढे नेतात. ते जवळून जाताना बाजूला होऊन चेहरे पाहावेत. बहुतेक विशीतले आहेत, कारण छायाचित्र ओळखपत्रावरचे किंवा लग्नातले, हाताशी होते तेच आहे. व्यासपीठावरून बेपत्ता साथींचा पुकारा होतो तेव्हा सारा चौक ‘हजर’ असे उत्तर देतो. तुम्हीही दिलेत तर कोणाला वावगे वाटणार नाही.

त्याखेरीज सवड ठेवून दोन ठिकाणे पाहावीत. एस्माचे अधिकारी निवास आता स्मृतिसंग्रहालय आहे आणि २०२३ पासून जागतिक वारशाच्या यादीत आहे. तिथल्या भिंती खटल्यांत पुरावा म्हणून धरल्या गेल्या असल्याने त्यांना हात लावू नये. दुसरे ठिकाण म्हणजे नदीकाठचे स्मृती उद्यान. तेथील लांब भिंतींवर सुमारे ३०,००० दगडी पट्ट्या बसवल्या आहेत, त्यांतल्या ९,००० च्या आसपास पट्ट्यांवर नाव आणि वय कोरलेले आहे, काहींवर ती स्त्री गरोदर होती अशी नोंद आहे, आणि बाकीच्या कोऱ्या ठेवल्या आहेत. आणि २४ तारीख चुकलीच, तर कोणत्याही गुरुवारी दुपारी साडेतीनला प्लाझा दे मायोत या. फेरी त्याच वेळी सुरू होते.